आमचाही शटडाऊन झाला होता, कळलाच नाही

दिवाळीत गावी होतो. गाव विंझर, नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावर. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या जिभेवर अजून वेल्हेच आहे.

भाऊबीजेच्या संध्याकाळी ओट्यावर बसून मी तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, अमेरिकेचा शटडाऊन समजावून सांगत होतो. १ ऑक्टोबरपासून तिथलं सरकार कसं बंद आहे, लाखो कर्मचाऱ्यांचा पगार कसा अडकलाय, सिनेटमध्ये साठ मतं का लागतात, आरोग्य विम्याच्या सवलतीवरून भांडण कसं पेटलंय. मी रंगात आलो होतो. तात्या तंबाखू मळत होते.

"म्हंजे पैसा खर्चायला तिकडं सभागृहानं मंजुरी द्यावी लागती?"

"लागणारच ना तात्या. निवडून आलेल्यांनी मंजूर केल्याशिवाय खर्च कसा करणार?"

"मग आपल्या झेडपीचा खर्च कोण मंजूर करतंय?"

मी गप्प.

"बरं ते ऱ्हाऊ दे. आपला पंचायत समितीचा सदस्य कोण, ते तरी सांग."

मी एक नाव सांगितलं. तात्या हसले. "आरं, तो माजी हाय. साडेतीन वरीस झाली."

तर दोस्तांनो, हा लेख त्या हसण्यावर आहे. मी इंजिनिअर आहे, हिंजवडीत नोकरी करतो, क्लायंट अमेरिकेतला. पेनसिल्वेनियातल्या कुठल्या काउंट्या निवडणूक फिरवतात ते मला पाठ आहे. १९ सप्टेंबरला एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलरची फी लागल्याची बातमी आली, तेव्हा आमचा कॉलेजचा ग्रुप रात्रभर जागा होता. ४ नोव्हेंबरला न्यू यॉर्कमध्ये ममदानी जिंकला, त्याचं पहिलं स्टेटस माझं होतं. आणि माझ्या स्वतःच्या जिल्हा परिषदेत मार्च २०२२ पासून एकही निवडून आलेला माणूस नाही, हे मला ओट्यावर तंबाखू मळणाऱ्या चुलत्याकडून कळलं.

पन्नास दिवस आणि तेराशे दिवस

अमेरिकेतलीच एक ताजी गोष्ट सांगतो. अ‍ॅरिझोनात २३ सप्टेंबरला पोटनिवडणूक झाली. अ‍ॅडेलिटा ग्रिहाल्वा नावाच्या बाई निवडून आल्या. सभापती माइक जॉन्सन यांनी त्यांचा शपथविधी लांबवला. कारण काय, तर शटडाऊन, सभागृहाचं कामकाज बंद. त्यावरून केवढा गदारोळ झाला! अ‍ॅरिझोनाच्या अ‍ॅटर्नी जनरलनी थेट खटला भरला. सुमारे आठ लाख लोकांना संसदेत प्रतिनिधीच नाही, हा त्यांचा मुद्दा. शेवटी १२ नोव्हेंबरला शपथ झाली. पन्नास दिवसांनी.

मी तेव्हा चिडलो होतो. "ही कसली लोकशाही" असं ग्रुपवर लिहिलंही होतं.

आता आपला हिशोब. पुणे जिल्हा परिषदेची शेवटची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ ला झाली. ७५ सदस्य निवडून आले. त्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ पर्यंत तेराशेहून जास्त दिवस झाले. तिकडे एक खुर्ची पन्नास दिवस रिकामी राहिली. इकडे ७५ खुर्च्या तेराशे दिवस. शिवाय तालुक्यातालुक्यांतल्या पंचायत समित्या वेगळ्याच. खटल्याचं सोडा, आमच्या ग्रुपवर एक मीमसुद्धा आलं नाही.

हे एकट्या पुणे जिल्ह्याचं दुखणं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या सगळ्या २९ महानगरपालिका प्रशासकांच्या ताब्यात होत्या. पुणे महानगरपालिकेची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली, मुंबईची त्याच्याही आठवडाभर आधी. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचं होतं. ते एका अधिकाऱ्यानं मांडलं आणि त्याला एकाही नगरसेवकानं हात वर करून हो किंवा नाही म्हटलं नाही.

आता एक गणित, तुमच्या वयाचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तुम्ही सव्वीसच्या आतले असाल आणि पुणे जिल्ह्यातल्या खेड्यातले असाल, तर तोवर जिल्हा परिषदेसाठी तुम्ही आयुष्यात एकदाही मत दिलेलं नव्हतं. देताच आलं नाही. २०१७ ला तुम्ही अठराचे नव्हता आणि त्यानंतर तोवर निवडणूकच झाली नव्हती. मी तेव्हा मतदार होतो, पण इंजिनिअरिंगला होतो, सबमिशन होतं, गावी गेलो नाही. म्हटलं, पुढच्या वेळी देऊ.

संविधानात काय लिहिलंय

इथे कोणी म्हणेल, कायद्यातच काहीतरी पळवाट असेल. नाही. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींना संविधानात जागा दिली, २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली. त्यातलं कलम २४३-ई अगदी साधं आहे. पंचायतीची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही. आणि पुढची निवडणूक ही मुदत संपण्याआधी पूर्ण झाली पाहिजे. पंचायत मध्येच बरखास्त केली, तर सहा महिन्यांच्या आत. २००६ साली अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच महापालिकांबाबत ठणकावून सांगितलं होतं.

मग घडलं काय? मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ओबीसी आरक्षण द्यायचं तर आधी आयोग नेमा, आकडेवारी गोळा करा, एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत ठेवा. मागणी रास्त होती आणि आरक्षणही रास्त होतं. आकडेवारी वेळेत गोळा करणं हे सरकारचं काम होतं. ते झालं नाही. उलट मार्च २०२२ मध्ये महाविकास आघाडी सरकारनं कायदा करून प्रभाग पाडण्याचा अधिकार निवडणूक आयोगाकडून स्वतःकडे घेतला. जुलैमध्ये बांठिया आयोगाचा अहवाल न्यायालयानं स्वीकारला, निवडणुकांची वाट मोकळी झाली असं वाटलं. पण त्याच्या थोडं आधीच सरकार बदललं होतं. नव्या सरकारनं ऑगस्टमध्ये जागांची संख्या पुन्हा जुनी केली. मुंबईत २२७ चे २३६ झाले होते, ते परत २२७. ऑगस्टअखेर न्यायालयानं परिस्थिती 'जैसे थे' ठेवायला सांगितलं आणि मग तीन वर्षं तारखेवर तारीख.

६ मे २०२५ ला न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून बजावलं. चार महिने सप्टेंबरात संपले. मग ३१ जानेवारी २०२६ ही नवी मुदत मिळाली. मी हे लिहिलं तेव्हा, नोव्हेंबर २०२५ मध्ये, नगरपरिषदांसाठी २ डिसेंबर ही तारीख लागली होती. झेडपीची तारीख तेव्हा अजून यायची होती.

यात एका पक्षाला शिव्या घालून मोकळं होता येत नाही. दोन्ही बाजूंची सरकारं येऊन गेली, सगळे मोठे पक्ष कधी ना कधी सत्तेत होते. निवडणुकीची घाई कोणालाच नव्हती. आणि हे सरकारला जमत नव्हतं म्हणावं, तर याच काळात लोकसभा वेळेवर झाली, २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभाही वेळेवर झाली. बारामतीत नणंद-भावजयीची लढत अख्ख्या देशानं पाहिली, आमच्या तालुक्यानंही त्यात मत दिलं. मतदान यंत्रं होती, शिक्षक होते, पोलीस होते, शाईसुद्धा होती. फक्त ज्यांच्याकडे गावचा रस्ता, शाळा आणि दवाखाना आहे, त्यांच्या निवडणुकीला मुहूर्त सापडत नव्हता.

अमेरिकेचं कौतुक, पण मोजकंच

अमेरिका काही धुतल्या तांदळासारखी नाही. प्रभाग कापण्याचा खेळ तर तिथं आपल्यापेक्षा जुना आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये टेक्सासनं रिपब्लिकन पक्षाच्या सोयीनं मतदारसंघ नव्यानं कापले, मग कॅलिफोर्नियानं नोव्हेंबरात मतदान घेऊन डेमोक्रॅट्सच्या सोयीनं कापले. कर लावण्याचा अधिकार त्यांच्या संविधानाच्या पहिल्याच कलमात संसदेला दिलाय, आणि राष्ट्राध्यक्षांनी १९७७ च्या एका आणीबाणी कायद्याचा आधार घेऊन आख्ख्या जगावर टॅरिफ लावले. आपल्यावर तर २७ ऑगस्ट २०२५ पासून ५० टक्के लावले होते. ५ नोव्हेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात यावरच वाद रंगला: कर लावायचा कोणी, एका माणसानं की निवडून आलेल्या सभागृहानं?

पण एक गोष्ट त्यांनी सांभाळलीय. तारीख. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार, हे १८४५ पासून ठरलेलं आहे. १८६४ मध्ये देश यादवी युद्धात जळत होता, लिंकनला आपण हरू अशी भीती होती, तरी ८ नोव्हेंबरला मतदान झालं. २०२० मध्ये ट्रम्पनी निवडणूक पुढे ढकलावी का, असं ट्विट करून पाहिलं. त्यांच्याच पक्षाच्या नेत्यांनी नाही म्हटलं. कोविडमध्येही ३ नोव्हेंबरला मतदान झालंच.

तिथं राष्ट्राध्यक्षालाही तारीख हलवता येत नाही. आपल्याकडे ती हलवायला कोणी हुकूमशहा लागला नाही. कोणी भाषण केलं नाही, कोणी आणीबाणी पुकारली नाही. नुसतं 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे' एवढं वाक्य पुरलं.

"बरं झालं की"

आता माझ्या ऑफिसातल्या मित्रांचा मुद्दा. मी ही गोष्ट जेवणाच्या टेबलावर सांगितली तेव्हा चौघांपैकी तिघं म्हणाले, "बरं झालं की! झेडपी मेंबर म्हणजे ठेकेदार. गाडीला काळ्या काचा, हातात ब्रेसलेट. त्यापेक्षा यूपीएससी झालेला अधिकारी काय वाईट?"

हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तो अर्धा खरा आहे. सदस्यांपैकी बरेच जण ठेकेदार असतात किंवा ठेकेदारांचे पाहुणे असतात. आणि प्रशासकांमध्ये चांगलं काम करणारे अधिकारी नक्की आहेत.

पण हेच वाक्य २०२४ मध्ये अमेरिकेत बोललं जात होतं. निवडून आलेले लोक भ्रष्ट, संथ, निरुपयोगी. त्यापेक्षा एक हुशार माणूस आणा आणि त्याला मोकळा हात द्या. इलॉन मस्क आला. २० जानेवारीला 'डोज' स्थापन झालं. दोन लाख कोटी डॉलर वाचवणार म्हणाला होता. अणुबॉम्बची देखभाल करणाऱ्या खात्यातली माणसं काढली आणि चूक लक्षात आल्यावर परत बोलवायला धावपळ झाली. मे संपता संपता तो निघून गेला. मोडलेलं तिथंच राहिलं, जबाबदार माणूस टेक्सासला.

आपले अधिकारी मस्क नाहीत, हे मान्य. पण रचना तीच आहे. जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक, पंचायत समितीत गटविकास अधिकारी हेच प्रशासक. म्हणजे प्रस्ताव मांडणारे तेच आणि सर्वसाधारण सभा म्हणून तो मंजूर करणारेही तेच. आपल्या भाषेत सांगायचं तर स्वतःची पुल रिक्वेस्ट स्वतःच अप्रूव्ह करून थेट प्रॉडक्शनला टाकायची. टीममधला सगळ्यात हुशार माणूस असला तरी आपण त्याला हे करू देत नाही. हुशारीवर शंका असते म्हणून नव्हे, चूक हुशार माणसाचीही होते म्हणून. साडेतीन वर्षं रिव्ह्यूशिवाय कोड जातोय आणि आपण म्हणतोय, बरं झालं, रिव्ह्यू करणारा फार कटकट करायचा.

आणि हो, ती कटकट हेच त्याचं काम होतं. सभेत उभा राहून "आमच्या शाळेला शिक्षक का नाही" असं विचारणारा माणूस स्वतः कितीही वाकडा असो, तो प्रश्न इतिवृत्तात लागतो. अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. ठेकेदार मेंबरला पाडता येतं. प्रशासकाची फक्त बदली होते, तीही मंत्रालयातून. त्याची नजर वर असते, कारण त्याचा गोपनीय अहवाल वरून लिहिला जातो. मेंबर कसाही असला तरी नसरापूर फाट्यावर चहाच्या टपरीवर सापडतो आणि चार लोकांसमोर त्याला अडवता येतं.

माझ्या वडिलांचा अनुभव सांगतो. पावसात शेताकडे जाणाऱ्या वाटेवरची मोरी वाहून गेली. ते अर्ज घेऊन एका कार्यालयात गेले. तिथले भाऊसाहेब सज्जन होते, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "दादा, पूर्वी मेंबर यादी द्यायचे, त्यातनं कामं निघायची. आता यादी कोणाकडून घ्यायची?" वडील अर्ज देऊन परत आले. भात काढायच्या वेळी ओझी डोक्यावरून फिरवून आणावी लागली. यात कोणी लाच मागितली नाही, कोणी उर्मटपणा केला नाही. फक्त वडिलांचं म्हणणं पुढे नेणारी पायरीच जिन्यातून काढून घेतलेली होती.

त्यात आणखी एक तोटा आहे. १५ व्या वित्त आयोगाचं अनुदान निवडून आलेल्या पंचायतींनाच मिळायचं. जिथं लोकनियुक्त सदस्य नव्हते, तिथला वाटा अडकायचा. म्हणजे "मेंबर गेले, पैसे वाचले" हा हिशोबही चुकलाच. आणि २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. यातल्या काहींच्या पाठीमागून नवरे कारभार करतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण दोन-तीन वर्षांत त्याच बाया नवऱ्याला बाहेर बसवून सभेत बोलायला लागतात, हेही गावोगाव दिसतं. त्या शिकण्याची साडेतीन वर्षं गेली. ती कोण भरून देणार?

मधला माणूस गेला, राहिलं कोण?

आपल्या पिढीला मधला माणूस नको असतो. टॅक्सी अ‍ॅपवर, भाजी अ‍ॅपवर, पैसे क्यूआर कोडवर. राजकारणातही तेच आवडायला लागलंय. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये मुंबईहून थेट आईच्या खात्यात येतात. मला त्या पैशांची चेष्टा करायची नाही. माझ्या काकूनं त्यातून पहिल्यांदा कोणाला न विचारता चष्मा केला. पण निवडणुकीआधी भराभर भरलेल्या अर्जांची छाननी निवडणुकीनंतर सुरू झाली, ई-केवायसी आलं. तेव्हा ज्यांचं नाव अडकलं त्यांनी विचारायचं कोणाला? मोबाईलवरच्या ओटीपीला?

नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रम्पनी टॅरिफच्या पैशातून लोकांना प्रत्येकी किमान २,००० डॉलर देण्याची भाषा केली, तेव्हा मला हसू आलं. लाडका अमेरिकन योजना! वर एक नेता, खाली खातेदार, मध्ये कोणी नाही. असं सरळ नातं गोड वाटतं, पण त्यात बोलण्याची सोय एकाच बाजूला असते. तो देतो, आपण घेतो. तो बंद करतो, आपण स्क्रीन रिफ्रेश करतो. सदस्य, सभा, समिती, इतिवृत्त ही सगळी कंटाळवाणी मधली मंडळी एवढ्यासाठीच असतात, की आपलं म्हणणंही उलट दिशेनं वर जावं.

अमेरिकेचं राजकारण मी का बघतो, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. कारण त्यात मला काही करावं लागत नाही. ट्रम्पवर चिडायला ग्रामसभेला जावं लागत नाही, तिथल्या कोणाशी माझी भावकी नाही, माझ्या शेताचा बांध त्याच्या बांधाला लागून नाही. विंझरमध्ये प्रश्न विचारायचा तर ज्याला विचारायचा तो माझ्या मित्राचा मामा निघतो. म्हणून मी पेनसिल्वेनिया पाठ केला.

तर आता करायचं काय? मोर्चा काढा म्हणत नाही. आज फोनवर मतदार यादीत आपलं नाव कुठं आहे ते बघा. शहरात खोली घेतलीत म्हणून नाव हलवलं असेल तर तिथला प्रभाग कोणता ते बघा. गावीच असेल तर आपला गट कोणता, गण कोणता, ते घरातल्या कोणालाही विचारा. तारीख लागली की रजा टाका. उमेदवार दारात येईल तेव्हा त्याला रस्ता-पाणी विचाराच, पण एक प्रश्न जास्तीचा विचारा: "तुमची मुदत संपल्यावर निवडणूक पुन्हा लांबली, तर तुमचा पक्ष रस्त्यावर उतरणार का?" हो म्हणाला तर तसं व्हिडिओवर घ्या. पाच वर्षांनी उपयोगी पडेल.

तात्यांना मी परवा फोन केला. अमेरिकेचा शटडाऊन त्रेचाळीस दिवसांनी संपला, असं सांगितलं.

"आपला कधी संपतोय?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, जानेवारीअखेरची मुदत आहे.

"तारीख कळली की सांग," तात्या म्हणाले, "आणि यंदा सबमिशन हाय म्हणू नको."